शंभर टक्के पूर्ण

ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्याला सगळ्यात जास्त फसवते ती हिरवी पट्टी. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे ती असते. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की ती पुढे सरकते, सराव प्रश्न सोडवले की आणखी थोडी भरते, आणि एक दिवस तिच्यावर ‘१०० टक्के पूर्ण’ अशी अक्षरे उमटतात. बैठकीत हीच पट्टी पडद्यावर दाखवली जाते आणि सगळ्यांचे समाधान होते. रायगडच्या किनाऱ्यावरच्या नर्सबाईंना सार्वजनिक आरोग्य शिकवायला लागल्यावर ती पट्टी भरते कशी, हे मला त्यांच्याच तोंडून कळले. मोबाइल आवाज बंद करून ओट्यावर ठेवायचा, आपण भाकऱ्या थापायच्या, व्याख्यान आपले चालू. मी त्यांना रागावले नाही. पंचेचाळीस मिनिटांचे ते व्याख्यान, समोर वाचून दाखवल्या जाणाऱ्या स्लाइडांसकट, मलाही एका बैठकीत ऐकवले नसते.

मुक्त आणि दूरस्थ शिक्षणात माझ्यासारखीला समंत्रक म्हणतात. शिकवणे विद्यापीठाच्या पुस्तिकेने आणि व्हिडिओने करायचे, आणि समंत्रकाने अडलेल्याला वाट दाखवायची, अशी मूळ कल्पना. महाराष्ट्रात ही कल्पना घरोघरी नेली ती १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने. आता पुस्तिकेच्या जागी पोर्टल आले आहे, इतकेच. मी ज्यांच्यासाठी काम करते ते विद्यापीठ कोणते, याला इथे महत्त्व नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चित्र आहे.

माझे विद्यार्थी म्हणजे शाळेतून सरळ कॉलेजात आलेली मुले नव्हेत. अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतल्या उपकेंद्रांच्या एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), खासगी दवाखान्यांतल्या जीएनएम झालेल्या परिचारिका, एखादा प्रयोगशाळा तंत्रज्ञ, दोन-चार आशाताई. वय तीस ते पन्नास. दिवसभर लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी, पोर्टलवर माहिती भरणे, आणि संध्याकाळी घर. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे करायचे ठरले, तिथे बसणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला, आणि त्यानंतर या मंडळींत शिक्षणाची एक नवी ओढ निर्माण झाली. आपणही काही शिकलो तर पुढे सरकू, असे वाटू लागले. ओढ खरी होती. ती टिकवायची कशी, हे मात्र कोणत्याच पोर्टलला ठाऊक नव्हते.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडची टाळेबंदी आली आणि सगळेच वर्ग एका रात्रीत मोबाइलवर गेले. त्यात ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे कोसळले, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. शहरात बसून ‘ऑनलाइन शिक्षणाचे नवे युग’ यावर परिसंवाद चालू होते, तेव्हा माझ्या विद्यार्थिनी कौले नसलेल्या घरात ताडपत्रीखाली होत्या, आणि सकाळी उठून गावात ताप मोजत फिरत होत्या. तेव्हा एका जुन्या साधनाची किंमत कळली: कागद. पाठाचा सारांश दोन पानांत छापून प्राथमिक आरोग्य केंद्रातून उपकेंद्राकडे लस नेणाऱ्या माणसाबरोबर आम्ही पाठवत होतो. लसीचा डबा जिथे पोहोचतो तिथे कागदही पोहोचतो. रेंज आली की त्या फोन करत, मी उचलत असे. त्या काळात पट्टी कोणाचीच हिरवी झाली नाही, पण अभ्यास सोडून गेलेल्या फार थोड्या.

वीज परत आली, तसे आम्ही व्हिडिओ तोडले. एका विषयाचे आठ-दहा मिनिटांचे तुकडे, आणि प्रत्येकाचे नुसते आवाजाचे रूप वेगळे. डोंगराच्या आडोशाच्या वाडीत व्हिडिओ अडकतो, आवाजाची छोटी फाइल उतरते. शिवाय ती एसटीत ऐकता येते. हे काही मोठे संशोधन नव्हे, कोणालाही सुचेल असे आहे. तरी विद्यापीठाकडून त्याला मान्यता मिळवताना मला जितके कागद लिहावे लागले, तितके मी स्वतःच्या पदविकेसाठीही लिहिले नव्हते.

पंचांग हा दुसरा मुद्दा. विद्यापीठाचे वेळापत्रक कोकणात कधीच न आलेल्या माणसाने केलेले असते. गृहपाठाची शेवटची तारीख गौरी-गणपतीत. ऑनलाइन चाचणी शिमग्याला. जूनच्या अखेरीस भराभर तीन पाठ, म्हणजे ऐन लावणीत, आणि साथीच्या तापाचे सर्वेक्षण चालू असताना. मार्चमध्ये तर आरोग्य खात्यात ‘मार्च एंड’ असतो, तेव्हा नर्सबाईला स्वतःचे नाव आठवले तरी पुष्कळ. आम्ही वर्षाचा आराखडा उलटा मांडला. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जड विषय, पावसाळ्यात फक्त साथीचे आजार, कारण तेव्हा ते समोरच दिसतात, आणि भाद्रपदात काही नाही. कोळी घरांतल्या सुनांसाठी जून-जुलै त्यातल्या त्यात बरा, मासेमारी बंद असते. पण नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या की त्यांच्या पहाटेही जातात. एवढे केल्यावर उशिरा येणारे गृहपाठ निम्म्याने तरी कमी झाले असावेत. मी मोजले नाहीत, माझ्या टेबलावरचा ढीग सांगत होता.

खरी गंमत मजकुरात होती. उच्च रक्तदाबाच्या पाठात मीठ कमी करा, लोणची-पापड टाळा, असे लिहिले होते. किनाऱ्यावर मीठ पोटात जाते ते सुक्या मासळीतून. पावसाळ्याचे चार महिने सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी यांच्यावर घरे चालतात. पाठात त्यांचे नाव नाही. मुरूडकडच्या एका एएनएमने चाचणीत ‘लोणची-पापड’ लिहून पूर्ण गुण मिळवले. मी तिला फोनवर विचारले, “तुमच्या कोळीवाड्यात लोणचे किती खातात?” ती हसली. “मॅडम, लोणचं कोण खातंय? खारी मासळी असते ना.” मग आम्ही त्या पाठाला एक पान जोडले. मासळी धुऊन, पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून मग शिजवायची, आमटीत वेगळे मीठ घालायचे नाही, रक्तदाबाच्या रुग्णाच्या ताटात ती रोज वाढायची नाही. हे पान नर्सबाईंनीच लिहिले, मी फक्त शुद्धलेखन पाहिले. पोषणाच्या पाठातही तेच. पालक आणि सफरचंद पुस्तकात, परसात शेवगा आणि बाजारात स्वस्त जवळा.

लेप्टोस्पायरोसिसला पुस्तिकेत जेमतेम अर्धे पान होते. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून हा जिवाणू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतो, आणि आमच्याकडे आषाढ-श्रावणात निम्मा गाव गुडघाभर चिखलात उभा असतो. ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या दाबल्या की जीव जाईल इतके दुखणे, ही लक्षणे इथल्या नर्सला झोपेतही आठवली पाहिजेत. विंचूदंशाचेही तसेच, आणि त्याबद्दल तर रायगडला परक्या पुस्तकाची गरजच नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे, मुले त्यांच्या डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा यांच्या नोंदी केल्या. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचे निरीक्षण छापले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण कितीतरी खाली आणले. जगाने हा उपचार रायगडच्या एका आडगावाकडून घेतला. माझ्या विद्यार्थिनी त्याच जिल्ह्यात काम करतात आणि त्यांच्या पाठात बिरवाडीचे नाव नव्हते. आता आहे. मी हा पाठ विंचवापासून सुरू करत नाही, नोंदवहीपासून करते: एका माणसाने रात्रभर जागून काय काय लिहून ठेवले, आणि त्यातून काय निघाले.

गृहपाठाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण माझ्या मते ऑनलाइन शिक्षणाचा जीव तिथे आहे.

मी आले तेव्हा पद्धत अशी होती: विद्यार्थ्याने उत्तर पोर्टलवर चढवायचे, आणि दोन-तीन महिन्यांनी त्यापुढे एक आकडा दिसायचा. दहापैकी सात. सात का, उरलेले तीन कुठे गेले, कोणी सांगत नसे. त्यामुळे उत्तरेही तशीच येत. मागच्या वर्षीच्या बॅचची उत्तरे व्हॉट्सअॅपवर फिरत, हस्ताक्षर तेवढे नवे. अलीकडे तर फारच सफाईदार मराठीत येऊ लागली आहेत, वाक्यावाक्यात ‘सर्वांगीण’ आणि ‘प्रभावी अंमलबजावणी’. ती कोणत्या चॅटबॉटने लिहिली हे ओळखायला समंत्रक लागत नाही.

त्यावर पहारा बसवण्यात अर्थ नव्हता. आम्ही प्रश्न बदलला. ‘रक्तक्षयाची कारणे लिहा’ याऐवजी ‘तुमच्या उपकेंद्रातल्या एका गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या घेतल्या नाहीत, तिच्याशी झालेले बोलणे जसेच्या तसे लिहा, नाव लिहू नका’. पहिल्या खेपेला सगळ्यांनी एकच वाक्य लिहिले: ‘सदर मातेस समुपदेशन केले.’ खात्याच्या नोंदवहीत हे वाक्य इतक्या वेळा लिहावे लागते की हात आपोआप तेच लिहितो. मी प्रत्येकीला आवाजी निरोप पाठवला: तुम्ही नेमके काय म्हणालात, आणि ती काय म्हणाली?

मग उत्तरे येऊ लागली. म्हसळ्याकडच्या एका वाडीतल्या एएनएमने लिहिले होते:

“बाय, गोळ्या घेतेस ना?”

“घेते की बाई.”

“पाकीट बघू.”

पाकीट पत्र्याच्या डब्यात होते, एकही गोळी फोडलेली नव्हती. मुलगी मान खाली घालून बसली. सासू आतून म्हणाली, “गोळ्यांनी पोर मोठं होतंय पोटात. मग अडतं. आम्ही काय गोळ्या खाऊन बाळंत झालो काय?”

त्यावर एएनएमने पुढे लिहिले होते की मी सासूबाईंना गोळीचे महत्त्व पटवून दिले. मी परत विचारले, कसे पटवलेत? दोन दिवस उत्तर नाही. मग तिचा निरोप आला: “मॅडम, खरं सांगू? पटवलं नव्हतं. आज परत गेले होते. सासूबाईंना म्हटलं, तुमच्या किती बाळंतपणांत रक्त जास्त गेलं? त्या बसल्या सांगत. थोरल्या जावेची पण गोष्ट सांगितली, ती त्यातच गेली. मग मी म्हटलं, ही गोळी त्याच्यासाठी आहे, पोराला मोठं करायला नाही. आता सासूच रात्री जेवल्यावर देते.”

या निरोपाला मी किती गुण द्यायचे? नियमाप्रमाणे शब्दमर्यादा ओलांडलेली, शीर्षक नाही, संदर्भ नाहीत. मी पूर्ण दिले आणि तिची परवानगी घेऊन तो पुढच्या बॅचला पाठ म्हणून लावला. चॅटबॉटला रक्तक्षयाची कारणे माझ्यापेक्षा चांगली पाठ आहेत. त्याला त्या वाडीतली सासू भेटलेली नाही.

गृहपाठाला आठवड्याच्या आत उत्तर द्यायचे, हा नियम मी स्वतःवर घातला तेव्हा मला वाटले होते की हा माझा हट्ट आहे. नंतर वाचताना कळले, की युरोपात पत्राद्वारे शिक्षण देणाऱ्यांनी हे फार आधी ओळखले होते. स्वीडनच्या ‘हेर्मोड्स’ या पत्रशाळेत काम केलेले बोर्ये होल्मबर्ग सांगत, की दुरून शिकवणे म्हणजे छापील मजकुरातून चाललेला संवाद आहे, आणि संवादात समोरच्याला उत्तर मिळाले पाहिजे. नॉर्वेत टॉर्स्टाइन रेक्केदाल यांनी १९७० च्या दशकात पाहिले, की तपासलेला गृहपाठ लवकर परत मिळाला तर अभ्यासक्रम पूर्ण करणारे वाढतात. तेव्हा टपाल होते. आता निरोप क्षणात जातो, आणि उत्तराला तीन महिने लागतात. या उलट्या प्रगतीचे कारण तंत्र नव्हे, पैसा आहे. एका समंत्रकाकडे तीनशे विद्यार्थी दिले की तो आकडाच टाकणार. पोर्टलवर कोटीचा खर्च करणारी विद्यापीठे एका गृहपाठाच्या तपासणीला जो मोबदला देतात, तो ऐकून माझ्या नर्सबाईंना हसू येते.

दर पंधरवड्याला आम्ही रात्री साडेआठला तासभर जमतो. व्याख्यान नाही. एकीने स्वतःचा एक रुग्ण मांडायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, मुंबईहून एखादे डॉक्टर ऐकत असतात आणि शेवटी बोलतात. ही पद्धत माझी नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हेपॅटायटिस-सीच्या रुग्णांसाठी खेड्यांतल्या डॉक्टरांना असे जोडले, त्याला ‘प्रोजेक्ट एको’ म्हणतात, आणि भारतातही तो रुजला आहे. त्याहून जवळचे उदाहरण जामखेडचे. १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा बायकांना आरोग्यसेविका केले, आणि ते एका शिबिरात केले नाही. त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या, गावात काय झाले ते सांगत राहिल्या, त्यातूनच शिकल्या. आमच्या साडेआठच्या तासात पहिले काही महिने फक्त मुंबईचे डॉक्टर बोलत. एकदा कातकरी वाडीतल्या गरोदर बाईचा विषय निघाला. डॉक्टर म्हणाले, तिला दर महिन्याला तपासणीला बोलवा. पलीकडून आवाज आला, “सर, ती दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते. महिन्याला कुठल्या गावात बोलवू?” त्यानंतर डॉक्टर आधी ऐकू लागले. त्या रात्री ठरलेली गोष्ट साधी होती: भट्टीवर जाण्याआधी तिच्या कार्डाचा फोटो तिच्याच नवऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवायचा, आणि मुकादमाचा नंबर घेऊन भट्टीच्या हद्दीतल्या एएनएमला कळवायचा.

एवढे सगळे सांगूनही मी ऑनलाइनची भाट नाही. नुकत्याच जन्मलेल्या, न रडणाऱ्या बाळाला पिशवी-मुखवट्याने श्वास देताना छाती वर येते की नाही, हे हाताला कळावे लागते. रक्तदाब मोजताना पट्टा सैल बसला तर आकडा चुकतो, आणि मोबाइलवरच्या चाचणीत तो पट्टा दिसत नाही. म्हणून आम्ही कौशल्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात, पुतळ्यावर आणि एकमेकींवर, प्रत्यक्षच घेतो, आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची सही असल्याशिवाय पट्टी हिरवी होऊ देत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणविज्ञान, जैवतंत्रज्ञान, आहारशास्त्र अशा विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले. संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा २०२१ चा कायदा त्यामागे आहे. यावर बरीच ओरड झाली. माझे मत विचाराल तर निर्णय बरोबर आहे. घरी बसून व्हिडिओ पाहिलेल्या माणसाने रुग्णाला आहार लिहून देऊ नये. पण नोकरीत असलेल्या, रोज रुग्णाला हात लावणाऱ्या परिचारिकेची गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे प्रत्यक्ष काम आधीच आहे, कमी आहे ती त्यावर विचार करायला लावणारी सोबत. श्रीवर्धनची एएनएम सहा महिने रजा काढून नाशिकला किंवा मुंबईला जाऊन शिकणार नाही. तिला ऑनलाइनच शिकवावे लागेल, आणि नीट शिकवावे लागेल.

त्यासाठी माणसे हवीत. रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या या पट्ट्यात, विशेषतः किहीम, नागाव, चौल भागात, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतून निवृत्त झालेले कितीतरी डॉक्टर, मेट्रन, सिस्टर ट्यूटर घरे बांधून राहिले आहेत. वाडीला पाणी घालून आणि वर्तमानपत्र वाचून त्यांच्या हातात वेळ उरतो, हे मला त्यांच्यापैकीच काहींनी सांगितले आहे. त्यांना माझे सांगणे एवढेच: आठवड्याचे दोन तास द्या. पाच विद्यार्थिनींचे गृहपाठ वाचा, प्रत्येकीला फोन करा, आणि तिने ‘समुपदेशन केले’ असे लिहिले असेल तर काय बोललीस ते विचारा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अभ्यासकेंद्रावर जाऊन नाव नोंदवा. मानधन फार मिळणार नाही, ते आधीच सांगून ठेवते.